स्टेशन चकाचक होईल. पण स्टेशनभोवतीच्या वस्तीचे काय?

१९०१ साली मसूरच्या रेल्वे स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमरावाची हकिकत आपल्या सगळ्यांना पाठ आहे. रेल्वेने जात न विचारता त्याला मसूरपर्यंत आणले. जात कळल्यावर मात्र स्टेशनबाहेर एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे मोजून आणि बैलगाडी स्वतः हाकत त्या मुलांना वडिलांच्या गावाची वाट धरावी लागली. स्टेशन सर्वांचे होते. स्टेशनपासून घरापर्यंतची वाट जातीची होती.

सोलापूर स्टेशनकडे मी याच नजरेने पाहतो. 'अमृत भारत स्टेशन' योजनेत देशातील तेराशेहून अधिक स्टेशने निवडली गेली आहेत. त्यात आपले सोलापूरही आहे. आपला स्टेशन सुधारण्याला विरोध नाही. पुण्याला परीक्षेला, मुलाखतीला, कामाला जाणारी आपली पोरे हुतात्मा एक्स्प्रेसनेच जातात. लिफ्ट झाली तर आपल्याच म्हाताऱ्या माणसांचे गुडघे वाचतील. प्रश्न वेगळा आहे. स्टेशन सुधारले की भोवतालच्या जमिनीचा भाव वाढतो. तो भाव बिल्डरच्या घामातून येत नाही, सरकारी तिजोरीतून म्हणजे तुमच्या-माझ्या पैशातून येतो. मग त्यावर पहिला हक्क कोणाचा?

१८६० मध्ये सोलापूरला रेल्वे आली. त्यानंतर कापूस, सूत आणि कामगार यांच्या जोरावर १८७७ ची जुनी गिरणी आणि तिच्या मागोमाग इतर गिरण्या उभ्या राहिल्या. गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात डांबणारी 'सेटलमेंट' याच शहरात होती आणि तिथली माणसे गिरण्यांत राबत होती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. वस्तीचे नाव मात्र आजही सेटलमेंटच आहे. सेटलमेंट, रामवाडी, लिमयेवाडी या वस्त्यांतल्या माणसांनी हे शहर उभे केले. शहराच्या नकाशात त्यांची नोंद कशी होते? 'झोपडपट्टी' म्हणून!

कोणी म्हणेल, गरिबांना घरे मिळतच आहेत की. खरे आहे. कामगार संघटनांच्या चिवट लढ्यातून कुंभारीला २००६ मध्ये विडी कामगार महिलांची १० हजार घरे झाली. त्याच कुंभारीत ३० हजार घरांचे रे नगर उभे राहत आहे. त्यातील १५ हजार घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झाले. या लढ्याला सलामच केला पाहिजे. पण ही घरे शहरात का झाली नाहीत? गरिबाला परवडेल अशी जमीन शहरात उरली नाही म्हणून. घर मिळाले आणि काम, कॉलेज, दवाखाना, स्टेशन लांब गेले. रोजच्या मजुरीतून रिक्षाचे आणि बसचे भाडे वजा होते. मसूरचे दुप्पट भाडे आजही वसूल होतेच आहे, फक्त वसूल करण्याची पद्धत बदलली.

म्हणून शहरातली सरकारी जमीन महत्त्वाची. २००५ च्या दुरुस्तीने रेल्वे कायद्यात रेल भूमी विकास प्राधिकरणाची तरतूद झाली. रेल्वेला न लागणारी जमीन व्यापारी वापरासाठी देऊन उत्पन्न मिळवणे हे त्याचे काम. राज्यघटनेचे कलम ३९ (ख) सांगते की साधनसंपत्तीचे वाटप सामूहिक हिताला पोषक असावे. मग सार्वजनिक जमिनीवर फक्त मॉल आणि पार्किंग कसे चालेल?

आश्वासनांवर विसंबू नका. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले ते आठवा. १९९१ च्या नियमाने एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेला आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीला मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीच्या आवारातील रिकाम्या जमिनीपुरतीच उरली आणि कामगारांच्या वाट्याला तुकडा आला.

कायद्याची ढालही अपुरी आहे. २०१४ चा फेरीवाला कायदा रेल्वेच्या जमिनीला लागूच नाही. तसे त्याच्या पहिल्याच कलमात लिहिले आहे. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण झोपड्या हटवायला कायमची मनाई केली नाही. हल्द्वानीत रेल्वेच्या जमिनीवरील हजारो कुटुंबांना हटवण्याचा आदेश निघाला, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्थगिती द्यावी लागली. नोटीस आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आराखडा ठरतानाच आपण तिथे असलो पाहिजे.

आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात:

१. स्टेशन परिसरातील कोणतीही जमीन भाडेपट्ट्याने देण्याआधी तिथली कुटुंबे, फेरीवाले, हमाल आणि रिक्षावाले यांची नोंद करा.

२. अशा प्रत्येक करारात कष्टकऱ्यांच्या भाड्याच्या घरांचा हिस्सा लेखी ठरवा.

३. नव्या आराखड्यात आजच्या विक्रेत्यांना पहिली जागा द्या.

४. विद्यार्थी आणि नोकरदार महिलांसाठी स्टेशनजवळ वसतिगृह बांधा.

चौथी मागणी नवी नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी याच सोलापुरात वसतिगृह सुरू केले. शाळा उघडून भागत नाही, शाळेजवळ पाठ टेकायला जागा लागते, हे बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. काम आणि प्रवास जवळ असेल तर माणसाचा पैसा वाचतो, वेळ वाचतो आणि धूरही कमी होतो. शाश्वत विकास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

मित्रांनो, माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात. आपल्या प्रत्येक मंडळाने या जयंतीला डीजेच्या वर्गणीतून एवढे बाजूला काढावेत. आराखडा मागवावा, विहारात बसून वाचावा आणि वस्तीला समजावून सांगावा. स्टेशनचे उद्घाटन झाल्यावर निवेदन देण्यात अर्थ नाही.

जय भीम! जय संविधान!