ड्रीमकास्ट जिवंत ठेवणाऱ्यांना चोर म्हणू नका

सेगा या जपानी कंपनीने 31 जानेवारी 2001 रोजी आपल्या ड्रीमकास्ट कन्सोलचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ हा खेळ जपानमध्ये येऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. अमेरिकेत आणि युरोपात तर तो नुकताच पोचत होता. एका परक्या ग्रहावर उतरायचं आणि चौघांनी मिळून तिथली जंगलं, गुहा पालथ्या घालायच्या, असा खेळ. ते चौघे जगाच्या चार टोकांना बसलेले असू शकत. एकमेकांची भाषा येत नसली तरी अडत नसे, कारण खेळात तयार वाक्यांचा साठा होता. ओसाकातल्या मुलाने त्यातलं एखादं वाक्य निवडलं की हँबर्गमधल्या मुलीच्या पडद्यावर ते जर्मनमध्ये उमटायचं. आणि हे सगळं घरच्या टेलिफोनच्या तारेवरून.

मी नेटवर्क अभियंता आहे. दोन यंत्रांमधला संवाद तुटू न देणं हेच माझं रोजचं काम. म्हणून या कन्सोलविषयी मला जे वाटतं ते निव्वळ जुन्या आठवणींचं प्रेम नाही. घरोघरी इंटरनेट पोचलेलंही नव्हतं, त्या काळात सेगाने ड्रीमकास्टमध्ये मोडेम बसवूनच दिला. पुढे सगळी कन्सोल्स त्याच वाटेने गेली.

तरी ड्रीमकास्ट बाजारात हरला. 27 नोव्हेंबर 1998 ला जपानमध्ये विक्री सुरू झाली, तेव्हा ग्राफिक्सच्या चिपचं उत्पादन रखडलं होतं. मागणी असून दुकानांत माल नव्हता. आधीच्या सॅटर्न कन्सोलने कंपनीला तोट्यात लोटलेलं, पाश्चात्त्य दुकानदारांचा विश्वास उडालेला. मार्च 2000 मध्ये प्लेस्टेशन 2 आला, तो डीव्हीडीही दाखवायचा. साध्या सीडीवर उतरवलेले चोरीचे खेळ ड्रीमकास्टवर चालवण्याची वाट त्याच वर्षी सापडली, तिनेही नुकसान केलं. शेवटी ड्रीमकास्ट विकला गेला 91 लाखांच्या आसपास आणि प्लेस्टेशन 2 पंधरा कोटींच्या वर. सेगाचे प्रमुख इसाओ ओकावा यांनी स्वतःच्या मालकीची सुमारे 85 अब्ज येनची संपत्ती कंपनीला देऊन टाकली आणि मार्च 2001 मध्ये त्यांचं निधन झालं. सेगाने त्यानंतर एकही घरगुती कन्सोल आणला नाही.

खेळ मात्र हरण्यासारखे नव्हतेच. यु सुझुकी यांचा ‘शेनमू’ घ्या. 1986 च्या हिवाळ्यातलं योकोसुका हे जपानी बंदराचं गाव. वडिलांच्या खुन्याच्या शोधात निघालेला रियो नावाचा तरुण. पण हा खेळ तुम्हाला सुडाच्या मागे पळवत नाही. घरातले खण एकेक करून उघडता येतात. देवळापाशी मांजराचं पिल्लू आहे, त्याला खाऊ घालायला जाता येतं. दोबुइता गल्लीतली दुकानं ठरल्या वेळी उघडतात, बंद होतात, आणि कुणाला भेटायचं असेल तर त्या माणसाची वेळ होईपर्यंत थांबावं लागतं. पुढे रियो गोदीत नोकरी धरतो आणि आपण खरोखर फोर्कलिफ्टने खोकी हलवत बसतो. खेळ एकदा पुरा केला की त्या वर्षीच्या योकोसुकाचं खरंखुरं हवामान लावून तो पुन्हा खेळता येतो. नोंदींत ज्या दिवशी पाऊस आहे, त्या दिवशी पाऊस. एका गावाचा एक हिवाळा इतक्या निगुतीने जपून ठेवलेला मी दुसऱ्या कुठल्या माध्यमात पाहिलेला नाही. सिनेमात गाव दिसतं, इथे त्या गावात ताटकळावं लागतं. माझ्या मते विसाव्या शतकाच्या अखेरीच्या जपानी कलाकृतींत ‘शेनमू’ची गणना व्हायला हवी.

‘शेनमू’ 2018 मध्ये नव्या यंत्रांसाठी पुन्हा आला, ते त्याचं भाग्य. बाकीच्यांचं तसं नाही. ‘क्रेझी टॅक्सी’ पुन्हा विकायला आली ती मूळची गाणी गाळून, कारण गाण्यांच्या हक्कांचं जमलं नाही. ज्यांना तो खेळ आठवतो त्यांना तो आठवतो त्या गाण्यांसकट. मग डिसेंबर 2024 मध्ये सेगाने आपले साठाहून अधिक जुने खेळ ऑनलाइन दुकानांतून काढून घेतले. त्यात ही ‘क्रेझी टॅक्सी’ होती, ‘जेट सेट रेडिओ’ही होता. आज ते रीतसर विकत घ्यायचे तर जुन्या बाजारात जाऊन पंचवीस वर्षांपूर्वीची तबकडी शोधायची. आणि त्या तबकड्या वाचणारं लेझर वर्षागणिक क्षीण होत चाललंय.

‘फँटसी स्टार ऑनलाइन’चा प्रश्न याहून अवघड आहे. तबकडी शाबूत असून भागत नाही, पलीकडे सर्व्हर लागतो. कंपनीने तो काही वर्षांनी बंद केला. तरीही ड्रीमकास्टवर आज तो खेळ खेळता येतो, तो हौशी लोकांमुळे. सर्व्हर चालू होता तेव्हा कन्सोल आणि सर्व्हर यांच्यात जाणारी एकेक पॅकेट त्यांनी तपासली आणि स्वतःचा सर्व्हर लिहून काढला.

मग अडचण उरली ती मोडेमची. ड्रीमकास्ट फोन लावायला बघतो, पण फोन उचलणारं कुणी नाही. यावरचा तोडगा मी स्वतः जोडून पाहिलाय. रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक, त्याला एक यूएसबी मोडेम, आणि तिथून कन्सोलपर्यंत टेलिफोनची वायर. त्या छोट्या संगणकावरची प्रणाली मोडेमवरून डायल टोन वाजवते, टेलिफोन एक्स्चेंजमधून यायचा तसाच. ड्रीमकास्टला वाटतं लाइन मोकळी आहे. तो नंबर फिरवतो, पलीकडचा मोडेम उचलतो, ओळखीची खरखर होते आणि यंत्र आजच्या इंटरनेटवर दाखल होतं. पुण्यात माझ्याकडे जपानी कन्सोल आहे, त्याला शंभर व्होल्ट लागतात, म्हणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, एवढंच. माझ्या व्यवसायात याहून देखणं काम मी फार थोडं पाहिलंय. करणाऱ्यांनी ते फुकट वाटलंय.

कायद्याच्या नजरेत मात्र ही माणसं धुक्यात उभी आहेत. खेळ विक्रीत असताना त्याच्या प्रती काढून विकणारा आणि मालकाने सोडून दिलेला सर्व्हर पदरमोड करून चालवणारा, हे दोघे एका पारड्यात बसवले जातात. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने, बाजारातून गेलेले खेळ ग्रंथालयांनी संशोधकांना दूरस्थ पद्धतीने खुले करावेत ही मागणीसुद्धा फेटाळली. ग्रंथालयाला पुस्तकाबाबत जे करता येतं ते खेळाबाबत करता येऊ नये, हे मला अजिबात पटत नाही.

कंपन्यांचा हक्क मी नाकारत नाही. चोरीने ड्रीमकास्टचं नुकसान केलं, हे वर लिहिलंच आहे. पण मालकाने विक्री थांबवलीय, सर्व्हर उतरवलाय, पुन्हा आणण्याचा विचारही जाहीर केलेला नाही, अशा खेळात नुकसान कुणाचं होतं? आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये एक शहाणी तरतूद आहे. प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्रॅम तिच्याशी जोडण्यासाठी लागणारी माहिती काढून घेता येते, ती सहज उपलब्ध नसेल तर. हौशी सर्व्हर लिहिणाऱ्यांनी याहून वेगळं काय केलं? ही सवलत माहिती काढण्यापाशी न थांबता, नफा न घेता बंद पडलेली सेवा चालवण्यापर्यंत स्पष्ट शब्दांत न्यायला हवी, इथे आणि जपानमध्येही. आणि ऑनलाइन खेळ बंद करणाऱ्या कंपनीने सर्व्हरचं सॉफ्टवेअर एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा संग्रहालयाकडे जमा करावं, ही अट विक्रीच्या पहिल्याच दिवशी घालावी. मागाहून मागायला गेलं तर ते लिहिणारी माणसं कंपनी सोडून गेलेली असतात.