पाड्यावरचें धन

पाड्यावरून शाळेंत आलेलें मूल पुष्कळदां पहिली गोष्ट शिकतें, ती गप्प बसण्याची. त्याच्या बोलीला वर्गांत कोणी तरी हंसतें. मग तें घरचा शब्द तोंडांतून निघूं देत नाहीं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत व आरेच्या रानांत वारली कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीं आहेत. त्यांचीं मुलें शिकून मोठीं व्हावींत, असें आपण सारेच म्हणतों. परंतु मोठें होणें म्हणजे पाडा विसरणें, हा जो समज शिक्षकांत व पालकांत रूढ झाला आहे, तो आम्हांस घातक वाटतो.

या बाबतींत दिवंगत डॉ. गोविंद गारे यांचें चरित्र मनन करण्याजोगें आहे. जुन्नर तालुक्यांतील निमगिरी या डोंगरी गांवीं १९३९ सालीं महादेव कोळी कुटुंबांत ते जन्मले. विद्येनें त्यांना स्वजनांपासून तोडलें नाहीं. १९६२ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे ते पुढें संचालक झाले. तेथील संग्रहालयांत आदिवासींचीं वाद्यें, मुखवटे व दागिने जतन केलेले आहेत. ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’ हा ग्रंथ त्यांनीं आपल्याच जमातीविषयीं लिहिला. तोंवर आदिवासींविषयीं लिहिणारे बहुधा बाहेरचे असत. आतां घरचा माणूस बोलूं लागला. उत्तमराव सोनवणे यांच्यासह वारली चित्रांवरहि त्यांनीं पुस्तक लिहिलें.

आपल्या वारली विद्यार्थ्यांच्या घरीं काय थोडें धन आहे? लग्नांत तांदळाच्या पिठानें भिंतीवर चौक लिहितात. तीच चित्रकला कागदावर आणून जगापुढें मांडणारे जिव्या सोमा मशे यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. वाघोबास पुजणारा हा समाज बिबट्याच्या शेजारीं राहत आला आहे. कोणतें झाड केव्हां फुलतें, कोणतें पान औषधी, हें वृद्ध स्त्रिया जाणतात. पण तें कोणी लिहून न ठेविल्यास त्यांच्याबरोबरच जाईल.

पालक विचारतील, “यानें पोट भरेल काय?” प्रश्न रास्त आहे. परंतु वनखातें, पुरातत्त्व खातें, संग्रहालयें येथें शिकलेल्या माणसांची गरज असते. कान्हेरीचीं लेणीं तर याच रानांत आहेत. प्रत्येक वारली मुलानें हेंच काम करावें, असा आमचा आग्रह नाहीं. त्यानें डॉक्टर व्हावें, इंजिनियर व्हावें. मात्र ती निवड आवडीची असावी, लाजेपोटीं केलेली नसावी.

धन्यानें दिलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टांत आपण वर्गांत शिकवितों. मुलाला घरून मिळालेलें द्रव्य त्याच्याकडून पुरवून घेणारे आपणच ठरूं नये. विद्यार्थिमित्रांनो, शेजारच्या बांकावरील मुलाची बोली ऐकून हंसण्यापूर्वीं त्याला एका झाडाचें नांव विचारून पाहा.