बेडसोअर ‘वयामुळे’ होत नाही

मागच्या पावसाळ्यात एका ८२ वर्षांच्या आजींना स्ट्रेचरवरून माझ्याकडे आणलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणावर होत्या आणि शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात राहत होत्या. तक्रार एवढीच, की तीन दिवस ताप आहे आणि जेवत नाहीत. गाऊन स्वच्छ होता, केस विंचरलेले होते, अंगाला पावडरचा वास होता. मी त्यांना कुशीवर वळवलं. माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती आणि तिच्या तळाशी हाड दिसत होतं. मुलगा दर रविवारी भेटायला जायचा, पण आईची पाठ त्याने एकदाही पाहिली नव्हती. वृद्धाश्रमाला फोन केला तर उत्तर मिळालं, ‘डॉक्टर, वय झालंय ना आता.’

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते खोटं आहे. माझी आजची सगळी चिडचिड याच वाक्यावर आहे.

बेडसोअर म्हणजे दाबामुळे होणारी जखम. हाडाचा उंचवटा आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते आणि तिथला रक्तपुरवठा थांबतो. माकडहाड, टाचा, खुब्याची बाजू या तिच्या ठरलेल्या जागा. सुरुवातीला तिथे लाली येते. बोटाने दाबून सोडलं तरी ती लाली जात नसेल, तर तो धोक्याचा इशारा. याच वेळी कूस बदलली, जागा कोरडी ठेवली, पोटात पुरेसं अन्न आणि प्रथिनं गेली, तर बहुतेक वेळा पुढचं टळतं. आयुष्याच्या अगदी शेवटच्या दिवसांत उत्तम काळजी घेऊनही काही जखमा होतात, हे मान्य. पण हाडापर्यंत पोचलेली जखम एका रात्रीत होत नाही. तोपर्यंत कितीतरी वेळा कोणीतरी डायपर बदललेला असतो. म्हणजे कोणीतरी ती जखम पाहिलेली असते आणि पुढे सांगितलेलं नसतं, किंवा सांगूनही काही झालेलं नसतं.

आता साधा हिशेब करा. अंथरुणावरच्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, असं आम्ही सांगतो. नीट वळवायला दोन माणसं लागतात, डायपर बदलण्यासह दहा मिनिटं धरा. असे वीस रुग्ण असतील तर एका फेरीला २०० मिनिटं झाली. हातात आहेत १२० मिनिटं! रात्री ड्युटीवर दोनच मावशी असतील, तर त्या कितीही प्रेमळ असोत, हे काम होणारच नाही. बारा तासांची पाळी, एजन्सीचा तुटपुंजा पगार, प्रशिक्षण म्हणाल तर शून्य. जखम झाली की राग मावशींवर निघतो आणि माणसं किती ठेवायची हे ठरवणारा मालक ऑफिसात नामानिराळा बसतो.

माणसं कमी पडली की ‘उपाय’ सुरू होतात. डायपर कमी भरावा म्हणून संध्याकाळनंतर पाणी कमी. भरवायला वेळ नाही म्हणून आडवं ठेवूनच घास, मग अन्न श्वासनलिकेत आणि न्यूमोनिया. नाकातली नळी ओढू नये म्हणून हात पलंगाला बांधलेले. आणि रात्री ओरडणाऱ्या आजोबांना झोपेची गोळी.

गोळीबद्दल मी स्वतःही दोषी आहे. ‘सर, फार त्रास देतात, काहीतरी द्या,’ असा फोन आला की रुग्णाला न पाहता मीही गोळी सांगितली आहे. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मनोविकारांवरची काही औषधं मृत्यूचा धोका वाढवतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला आणि २००८ मध्ये या गटातल्या जुन्या औषधांनाही तो लागू केला. आजोबा ओरडत होते ते लघवी तुंबल्यामुळे, बद्धकोष्ठामुळे की दुखण्यामुळे, हे पाहणं माझं काम होतं. आता मी फोनवर असं औषध सांगत नाही. मॅनेजर नाराज होतात.

कायदा नाही का? आहे, पण तो या जखमेपर्यंत पोचत नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा प्रामुख्याने मुलांनी द्यायच्या निर्वाहाबद्दल बोलतो, आणि जिल्ह्यागणिक किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम असावा असं म्हणतो. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे छोटं खाजगी हॉस्पिटल. त्यांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. पण अनेक वृद्धाश्रम चालतात न्यास म्हणून. धर्मादाय कार्यालयात त्यांचे हिशेब तपासले जातात, रुग्णाची पाठ नाही. अमेरिकेने १९८७ मध्येच कायदा करून रहिवाशांना सोयीसाठी बांधून किंवा औषधाने गुंगवून ठेवायला मनाई केली. तिथेही सगळं आलबेल नाही, पण निदान तक्रार कशाच्या आधारे करायची हे माहीत आहे.

आणि तुम्ही? वृद्धाश्रम निवडताना बाग पाहता, देवघर पाहता, भिंतीवरचे दिवाळीचे फोटो पाहता. आईला तिथे ठेवल्याची मनात टोचणी असते, म्हणून प्रश्न विचारत नाही. विचारले आणि ‘मग घेऊन जा घरी’ म्हणाले तर काय, ही भीती असते. ही भीती मालकाला बरोबर कळते. वृद्धाश्रमात ठेवणं हा गुन्हा नाही. दोघं नोकरी करणाऱ्या घरात अनेकदा तोच शहाणपणाचा निर्णय असतो. पण पैसे मोजून काळजी घेतली जात नसेल, तर गप्प बसणं परवडणारं नाही.

रविवारी अकराला जाऊ नका, बुधवारी रात्री आठला न सांगता जा. चादर बाजूला करून पाठ आणि टाचा बघा. दर महिन्याचं वजन विचारा. वजन लिहिलेलंच नसेल तर तेही उत्तरच आहे. कूस बदलल्याच्या तक्त्यावर सकाळी आठलाच रात्रीपर्यंतच्या सह्या झालेल्या नाहीत ना, ते पाहा (मी असे तक्ते पाहिले आहेत). रात्री किती माणसं असतात हे मॅनेजरला नाही, मावशींना विचारा. दाद मिळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे.

त्या आजींच्या मुलाने प्रवेशाच्या वेळी सही केलेला फॉर्म मला दाखवला. त्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की बेडसोअर झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. तुमच्या फॉर्मवर अशी ओळ असेल तर ती खोडा आणि मग सही करा. खोडू देत नसतील तर फॉर्म परत करा.