फुले तोडू नयेत, हुकुमावरून

गेल्या संकष्टीला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. पहाटे ५ वाजून ४० मिनिटांचा, सीसीटीव्हीतून काढलेला. एक बाई डोक्यावर पदर घेऊन जास्वंदीची फांदी खाली ओढतायत. चेहरा नीट दिसत नाही, पण ती फांदी ओढण्याची ढब कोणाची हे आमच्या विंगमध्ये सगळ्यांना कळतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. वय ७८. फोटोखाली सेक्रेटरींनी लिहिलं होतं, 'कॉमन एरियातील फुले तोडणे हा नियमभंग आहे. यापुढे दंड आकारला जाईल.' त्याखाली अंगठे. मी मोजले, अकरा.

मी लिहिलं की ही जास्वंद या इमारतीपेक्षा जुनी आहे आणि काकू चाळीस वर्षं तिची फुलं नेतायत. त्यावर एका तरुण सभासदाने मला विचारलं, "पण अंकल, तुमच्यात तर पूजा नसते. तुम्हाला का त्रास?" मुलगा वाईट नाही. लिफ्टमध्ये भेटला की पिशवी हातातून घेतो. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

याचं उत्तर ग्रुपवर मावणारं नव्हतं. म्हणून इथे लिहितोय.

आमची चाळ परळची. अब्बा गोदीत होते, शेजारचे बहुतेक गिरणीत. गॅलरीच्या कठड्याला तारेने बांधलेले डालड्याचे डबे असायचे. कोणात तुळस, कोणात ओवा, कोणात नुसतीच माती. आमच्या डब्यात मोगरा. अम्मीने तो माहेराहून, महाडहून आणला होता. मार्च संपता संपता त्याला कळ्या धरायच्या आणि मग पाऊस लागेपर्यंत पहाटे आमच्या दाराशी कोणी ना कोणी उभं असायचं. त्या कळ्या काकूंच्या देव्हाऱ्यात जायच्या, पोरींच्या वेण्यांत जायच्या, पाण्याच्या माठात पडायच्या आणि जुमेरातला थोड्या दादीच्या कबरीवर. (कबरीवर फूल वाहावं की नाही यावर आपल्यात दोन मतं आहेत. तो वाद इथे नको.)

चाळीचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. संडासाच्या रांगेत ज्याचं बालपण गेलं तो ते गात नाही. फुलांवरून भांडणंही व्हायची. डब्यातलं पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या धुण्यावर ठिबकायचं. कोणी चार वाजताच उठून झाड ओरबाडायचं. आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. टोकाच्या खोलीतल्या एक आजी अम्मीच्या हातून फूल घेत नसत. अम्मीने ओंजळ पुढे केली की म्हणायच्या, "राहू दे गं, मी घेते." मग झाडावरून स्वतःच्या हाताने तोडायच्या. झाड तेच, पाणी अम्मीनेच घातलेलं. अम्मी यावर हसायची. मला अजून हसू येत नाही.

पण आज त्या आजी मला वेगळ्या कारणाने आठवतात. माझ्या आईच्या हातचं ज्या बाईला चालत नव्हतं, तिला झाडावरचं चालत होतं. आणि झाडापर्यंत यायचं तर आमच्या दारात यावं लागायचं, अम्मीशी दोन शब्द बोलावे लागायचे, आज कळ्या कमी का म्हणून चौकशी करावी लागायची. त्या गंजक्या डब्याने पंचवीस वर्षं एवढं काम केलं. शेवटी शेवटी आजी अम्मीकडून मोगऱ्याची एक फांदी मागून घेऊन गेल्या. रुजली नाही, हा भाग वेगळा.

आता आमच्या नव्या इमारतीसमोरचा वाफा काय काम करतो ते ऐका.

नोव्हेंबरात एक टेम्पो येतो. त्यात काळ्या पिशव्यांतली शेकडो रोपं. पिटुनिया, डायंथस, साल्व्हिया. नर्सरीवाले यांना एका शब्दात 'सीझनल' म्हणतात. पुण्याजवळ उरुळी कांचनच्या बाजूला अशा रोपांच्या नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. आपल्याकडे पोचतं ते रोप कळीला आलेलं असतं. कंत्राटदाराची माणसं ते एका दिवसात गालिच्यासारखं अंथरून जातात. २६ जानेवारीला झेंडावंदन होतं तेव्हा वाफा ऐन बहरात असतो. सगळे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. मार्चचं ऊन लागलं की रोपं तपकिरी पडतात, उपटली जातात आणि कचऱ्याच्या गाडीत जातात. पेरणं नाही, बी धरणं नाही. आज जून आहे. वाफ्यात विटांची कडा आहे, वाळलेलं कोकोपीट आहे आणि पाटी आहे: 'फुले तोडू नयेत. हुकुमावरून.' तोडायला फूल एकही नाही. पाटी मात्र बारमाही.

सोसायटीच्या हिशेबात या रोपांचा खर्च माळ्याच्या पगारापेक्षा जास्त आहे. माळी आठवड्यातून तीनदा तासभर येतो. तो शेतकऱ्याचा मुलगा आहे. इथे काय लावलं तर जगेल हे त्याला आजवर कोणी विचारलेलं नाही.

पिटुनियावर माझा राग ती परदेशी म्हणून नाही. ती दक्षिण अमेरिकेतली हे खरं. पण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा, आणि सदाफुली मादागास्करची. फुलाला त्याचं मूळ गाव विचारणाऱ्यांत मी जाऊन बसणार नाही. तो प्रश्न आम्हाला स्वतःला फार वेळा विचारून झालाय. झेंडू इथला झाला तो लोकांनी त्याला हात लावला म्हणून. त्याची माळ केली, दादरच्या फूलबाजारात पाट्या भरभरून विकला, तुडवला, वाळवून पुढच्या वर्षी पुन्हा पेरला. पिटुनियाला हात लावायलाच बंदी. मग ती इथली व्हायची कशी?

या भागातल्या माणसाला बागेच्या नावाने आधीच एकदा फसवलं गेलंय, म्हणून हे वाफ्याचं प्रकरण मला क्षुल्लक वाटत नाही. १९८२च्या संपानंतर गिरण्या धापा टाकत होत्या. त्यांच्या जमिनी, साधारण ६०० एकर, विकासाला मोकळ्या करायच्या म्हणून १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. ढोबळमानाने त्याचा अर्थ असा, की एक तृतीयांश जमीन मोकळ्या मैदानांसाठी आणि बागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्याची होणार, असं ठरलं. गिरणीच्या आवारात शेड आणि चाळी खचाखच, मोकळा तुकडा असून असून किती असणार? प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयाने २००५मध्ये लोकांच्या बाजूने कौल दिला आणि मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१चा बदल कायम ठेवला. ज्या बागेत आमची नातवंडं खेळायची होती ती कागदावरच सुकली.

दुसरी गोष्ट दादरची. कोहिनूर मिलच्या जागेवर टॉवर उभा राहत होता आणि वाद होता की सक्तीची मोकळी जागा जमिनीवर द्यायची की पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या स्लॅबवर. डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियमानुसार किमान लागणारी ही जागा जमिनीवरच हवी. पुढे २०१८पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीने त्यातला काही हिस्सा पोडियमवर चालेल अशी सवलत दिली. आमच्या इमारतींत सीझनल फुलंच का दिसतात, याचं कारण मला तरी आवडीत कमी आणि इथे जास्त दिसतं. स्लॅबवरच्या दीड-दोन फूट मातीत वड वाढत नाही, बकुळ वाढत नाही. पिटुनिया मजेत वाढते. जमीन काढून घेतली की जे लावता येतं, त्यालाच आपण सौंदर्य म्हणायला शिकलो.

आमच्याकडे विक्रीच्या टॉवरला असा पोडियम आहे. हिरवळ, कारंजं, फुलांचे गालिचे. आमच्या पुनर्वसनाच्या विंगमधून तिकडे जायला जिना नाही. आम्हाला मिळाला तो खालचा वाफा. खरी जमीन, सकाळी चार-पाच तास ऊन. तिकडच्यांकडे नाही ती चीज आमच्याकडे आहे आणि आमची कमिटी तिच्यात पोडियमची नक्कल करतेय!

सेक्रेटरींची बाजूही सांगतो. गृहस्थ प्रामाणिक आहेत, पदरचा वेळ घालवतात. ते म्हणतात, "सगळ्यांनी तोडलं तर बघायला काय उरणार?" प्रश्न बरोबर आहे, पण तो झाड बघून विचारायला हवा. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. काकूंनी सकाळी नेलं नाही तर संध्याकाळी ते मिटतं आणि दुसऱ्या दिवशी झाडूवाला नेतो. मग दंड कशाचा? झेंडूची फुलं काढत राहिलं तर तो जास्त फुलतो. मोगऱ्याची कळी संध्याकाळी तोडली तर रात्रभर घर घमघमतं, नाही तोडली तर दोन दिवसांत झाडावर काळी पडते. सीझनल फुलांचे गालिचे नुसते बघायचे असतील तर राणीची बाग आहे, १८६२ सालापासून आहे. दर हिवाळ्यात महापालिका तिथे फुलांचं प्रदर्शन भरवते. मी न चुकता जातो आणि तिथे कशालाही हात लावत नाही. प्रदर्शनाला तो नियम शोभतो. आपल्या दारात कशाला?

माझ्याच एका मित्राने, पाच वक्तचा नमाजी माणूस, मला उलटा प्रश्न केला. "म्हणजे तू आपल्या मेंटेनन्सच्या पैशांनी पूजेची फुलं लावायला सांगतोस?" त्या तरुणाचा आणि याचा प्रश्न एकच आहे, नुसता दुसऱ्या बाजूने आलाय. दोघांनाही वाटतं की फुलाला आधीपासून धर्म असतो. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत एक हदीस आहे. मुसलमानाने झाड लावलं, शेत पेरलं आणि त्यातलं पक्ष्याने, माणसाने, जनावराने काही खाल्लं, तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका म्हणून जमा होतं, असा तिचा आशय. खाणारा कोण, कोणाच्या नावाने खातो, हे तिथे विचारलेलं नाही. आणि आपली ईद तर दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. साधारण ३३ वर्षांत ती सगळे ऋतू फिरून येते. कधी मोगऱ्यात, कधी शेवंतीत, कधी ऐन पावसात. बारा महिने काही ना काही फुलत राहील अशी बाग हवी असेल तर ती सगळ्यांत जास्त आपल्याला हवी.

हेही कबूल करतो, की आपल्या मोहल्ल्यांत यावर भांडायलासुद्धा कोणी तयार नाही. जुनी इमारत पाडून नवी झाली की अंगणात पेव्हर ब्लॉक आणि त्यावर बाइका. शबे-बरातला कब्रस्तानाबाहेर गुलाबाच्या पाकळ्या वजनावर विकत घेतो आणि वर्षभर एक कुंडी जगवत नाही. माझ्याही घरी आज मोगरा नाही. अम्मीचा डबा शिफ्टिंगमध्ये ट्रान्झिट कॅम्पात नेला होता, तिथल्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये तो गेला. दोष माझाच.

जास्वंद वाचली ती केवळ मागच्या हद्दीच्या भिंतीला चिकटून होती म्हणून. पाडकामात तिच्यावर राडारोडा पडला, दोन वर्षं ती सिमेंटच्या धुळीत उभी होती. आता वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत क्रमांक ७ आहे: 'सुशोभीकरणात एकसारखेपणा राहावा म्हणून मागील बाजूचे जुने झुडूप काढून तेथपर्यंत वाफा वाढविणे व सीझनल रोपांचे कंत्राट नूतनीकरण.' जुने झुडूप. नावसुद्धा लिहिलेलं नाही.

मी उलट ठराव लिहून दिलाय. जास्वंदीला हात लावायचा नाही. कंत्राटाच्या पैशांतून माळ्याची वेळ वाढवायची आणि वाफ्यात काय लावायचं ते त्याला विचारून ठरवायचं. माझ्याकडून झेंडू, शेवंती, मोगरा, अबोली, सब्जा आणि कोपऱ्यात एक मेंदी सुचवलीय. सकाळी सात वाजेपर्यंत ज्याला हवी त्याने ओंजळभर फुलं न्यावीत, कळ्या आणि फांद्या सोडून. पाटी काढायची. त्या तरुणाला मी अनुमोदक म्हणून सही करशील का असं विचारलंय. तो म्हणाला, "बघतो अंकल." दुसरी सही काकूंची झाली आहे. हात थरथरतो म्हणून त्यांनी ती दोनदा केली.

सभा जूनच्या शेवटच्या रविवारी आहे. दसऱ्याला फुलं हवी असतील तर झेंडू जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरायला हवा, म्हणजे मध्ये चारच दिवस. बी काकूंकडे आहे. मागच्या दसऱ्याच्या तोरणातलं, वाळवून वर्तमानपत्राच्या पुडीत बांधलेलं, देव्हाऱ्याच्या खालच्या खणात.