मोटारहोमच्या आरसीवरील आसनसंख्या: दुरुस्ती सोपी असावी, पण कोणती?

मोटारहोमच्या नोंदणी प्रमाणपत्रावर आसनसंख्या चुकीची पडली, तर ती मालकाच्या अर्जावर आणि शपथपत्रावर बदलून द्यावी, की गाडी पुन्हा तपासणीला आणायला लावावी? एका आकड्याचा हा प्रश्न फरीदाबादमध्ये जरा वेगळ्या रूपात समोर येतो. हरियाणात खासगी गाड्यांची नोंदणी आपल्यासारखी आरटीओत होत नाही. ती उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या, तिथल्या बोलीत एसडीएमच्या, कार्यालयात होते. भाड्याने चालणाऱ्या गाड्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे जातात. म्हणून शहरात खासगी गाडीवर एचआर-५१ दिसते आणि व्यावसायिक गाडीवर एचआर-३८. जमिनीचे वाद, कायदा-सुव्यवस्था आणि निवडणुकीची कामे ज्या कार्यालयात चालतात, तिथेच मोटारहोममध्ये बसायच्या जागा किती, याचाही निर्णय व्हायचा असतो.

चूक होते कशी, हे आधी पाहायला हवे. आपल्याकडची बरीच मोटारहोम टेम्पो ट्रॅव्हलरवर किंवा एखाद्या ट्रकच्या चासीवर बांधली जातात. चासी एकाची आणि बॉडी दुसऱ्याची असल्यामुळे कागदही अनेक हातांतून येतात. विक्रेता नमुना २१ मध्ये विक्री प्रमाणपत्र देतो. बॉडी वेगळी बांधली असेल तर नमुना २२-अ लागतो आणि त्यात चासी बनवणाऱ्याचा एक भाग असतो, बॉडी बांधणाऱ्याचा दुसरा. मालकाचा अर्ज नमुना २० मध्ये असतो. या तिन्हींत आसनांचा आकडा एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही. मूळ गाडी तेरा आसनांची होती, आत स्वयंपाकाचा ओटा, पलंग आणि शौचालय बसवल्यावर चार उरली, पण कुठल्यातरी कागदावर तेराच राहिली, असे सहज घडू शकते.

याहून बारीक घोळ चालकाचा आहे. नोंदणीच्या नमुन्यात आसनक्षमता चालकासह लिहायची असते. मोटार वाहन कायदा, १९८८ मात्र गाडीचा प्रकार ठरवताना चालकाला वगळतो. चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसांसाठी बांधलेली किंवा तशी बदललेली गाडी कायद्याच्या लेखी ‘ऑम्निबस’ होते. म्हणजे आरसीवर ७ असेल तर गाडी ‘मोटारकार’च्या व्याख्येत राहू शकते, ८ असेल तर तिच्या बाहेर जाते. कुणी ‘६+१’ वाचून सहा लिहिले आणि कुणी चालक दोनदा मोजून आठ, तर एका आकड्याच्या फरकाने गाडीचा वर्ग बदलायचा. खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनला केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत बिगर-परिवहन वाहनांमध्ये स्वतःची जागा दिलेली आहे. पण गाडीची मूळ नोंद त्या वर्गात झालेलीच नसेल, तर तो आधारही हाती राहत नाही.

मालकाची बाजू इथूनच उभी राहते आणि ती मजबूत आहे. चूक त्याची नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अधिकृत विक्रेत्याने विकलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी कार्यालयात दाखवावी लागत नाही. ही सोय चांगली आहे, पण तिचा अर्थ असाही होतो की त्या वेळी नोंदणी करणाऱ्याने गाडी पाहिलेली नसते. जी तपासणी सरकारने स्वतः सोडून दिली, तिची भरपाई पुढे मालकाकडून का मागावी? शिवाय सहा मीटरची गाडी सोबत आणून कार्यालयाच्या आवारात दिवसभर उभी करणे सोपे नसते. वेळेचाही प्रश्न आहे. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंधन आणले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. पुढे त्या बंधनात फेरफार होत राहिले, तरी डिझेलच्या मोटारहोमचा मालक आयुष्य मोजूनच गाडी वापरतो. कागदाच्या एका खान्यासाठी गेलेले महिने त्याच मापातून वजा होतात.

दुसरीकडे, कार्यालयाची सावधगिरीही निराधार म्हणता येणार नाही. आसनसंख्या ही नावातल्या ऱ्हस्व-दीर्घासारखी चूक नव्हे. भाड्याच्या गाड्यांचा कर आणि परवाना तिच्यावर अवलंबून असतो. विमा कंपनी प्रवासी गाडीचा तृतीय पक्ष विम्याचा हप्ता ठरवताना परवानगी असलेले प्रवासी मोजते. खासगी गाडीच्या पॉलिसीत अनामिक प्रवाशांसाठी घेतलेले अपघात संरक्षणही आसनांवरच आकारले जाते. आकडा वर-खाली करून पैसे वाचवण्याची वाट शोधणारी माणसे असतात. अशी माणसे अर्जदारांत मोजकीच असतील, पण टेबलामागच्या कर्मचाऱ्याला समोरचा अर्जदार कोणत्या गटातला आहे, हे केवळ शपथपत्र वाचून कळत नाही. चुकीची दुरुस्ती करून दिली, तर उद्या प्रश्न त्यालाच विचारला जाणार.

कायद्याचे पारडेही त्याच बाजूला झुकते. कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी आरसीवरील तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. केरळच्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा सैल अर्थ बाजूला सारला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. हे वाचलेला अधिकारी आसनांचा आकडा बदलताना दोनदा विचार करणारच.

मात्र इथे एक भेद करावा लागतो. तो निकाल गाडी बदलण्याविषयी आहे, कागद सुधारण्याविषयी नाही. गाडी पहिल्या दिवसापासून चार आसनांचीच असेल आणि लिहिताना तेरा पडले असतील, तर तेराचे चार करणे हा बदल नव्हे. उलट कलम ५२ ला जो मेळ हवा आहे, तो त्यातून साधतो. नोंदणीनंतर मालकाने गॅरेजमध्ये दोन आसने बसवून घेतली असतील, तर मात्र तीच ‘दुरुस्ती’ बेकायदा बदलाला सरकारी शिक्का मिळवून देते. अर्ज मात्र दोन्हींत एकाच शब्दांत लिहिलेला असतो. सगळा पेच या सारखेपणात आहे.

या पेचाची किंमत अपघातानंतर कळते. हिमाचल प्रदेशातल्या एका बसच्या प्रकरणात, नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध अंजना श्याम या २००७ च्या निकालात, बसची मान्य क्षमता ४२ प्रवाशांची होती आणि आत सुमारे ९० माणसे होती. विमा कंपनीची जबाबदारी ४२ जणांपुरतीच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. सर्वांत मोठ्या ४२ भरपायांइतकी रक्कम कंपनीने भरायची, ती सगळ्या दावेदारांत प्रमाणात वाटायची आणि उरलेली ज्याची त्याने मालकाकडून वसूल करायची, असा तोडगा न्यायालयाने काढला. आरसीवरच्या आकड्याला यापेक्षा मोठे वजन कोणते असणार? मोटारहोमच्या आरसीवर चुकून ४ लिहिले असेल आणि प्रत्यक्षात मान्यता असलेल्या सहा आसनांवर सहा जणांचे कुटुंब बसले असेल, तर अशाच युक्तिवादाला तोंड देण्याची वेळ त्यांच्यावर येऊ शकते.

उलटपक्षी, न्यायालये आकड्याला नेहमीच एवढे महत्त्व देतात असेही नाही. १९९६ च्या बी. व्ही. नागराजू प्रकरणात मालवाहू गाडीत सहाऐवजी नऊ माणसे होती, म्हणून कंपनीने गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला होता. जास्तीच्या माणसांमुळे अपघात घडला असे दिसत नाही, त्यामुळे पॉलिसीचा हा भंग मुळावर घाव घालणारा नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने मालकाच्या बाजूने निकाल दिला. तिथे प्रश्न गाडीच्या नुकसानीचा होता, अंजना श्याममध्ये माणसांच्या भरपाईचा. दोन्ही निकाल शेजारी ठेवले, तर मालकाला दिलासा आणि धास्ती एकाच वेळी मिळते. न्याय मिळेलही, पण अनेक वर्षांनी. ज्या कुटुंबाने माणूस गमावला आहे, त्याला तेवढा काळ थांबायला लावणे बरोबर नाही.

मोटारहोमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. झोपायच्या जागा आणि प्रवासात बसायच्या जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पलंगावर दोघे झोपतात म्हणून गाडी चालू असताना तिथे दोघांनी बसावे, असे नाही. जेवणाच्या टेबलाभोवतीचा आडवा बाक रात्री बिछाना होतो, पण त्याला पट्टा नसेल आणि पट्ट्याचा खिळा मजबूत सांगाड्यात रोवलेला नसेल, तर ते प्रवासाचे आसन नव्हेच. युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशातून नोंदणीपत्रांचे संकेत एकसारखे केले, तेव्हा बसायच्या आणि उभे राहण्याच्या जागांना एस-१ आणि एस-२ असे वेगळे खाने दिले. ब्रिटनच्या नोंदणीपत्रावरही एस-१ हा चालकासह आसनांचा खाना आहे. आपल्याकडे मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि नोंदणीच्या ‘वाहन’ प्रणालीत आसन, शयन आणि उभे राहण्याच्या क्षमतेची नोंद वेगवेगळी होऊ शकते. सोय आहे, वापर काटेकोर हवा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा कार अपघातात मृत्यू झाला, तेव्हा मागच्या आसनांवरच्या प्रवाशांनी पट्टे लावलेले नव्हते. मोटारहोममध्ये अनेक जागांना पट्टाच नसतो, एवढाच फरक.

वजनाचा मुद्दा त्याला जोडूनच येतो. आसने काढली की गाडी हलकी होते, असे वाटते. पण त्या जागी पाण्याची टाकी, बॅटरी, फ्रिज, वातानुकूलन यंत्र येते. शंभर लिटरच्या भरलेल्या टाकीत नुसते पाणीच शंभर किलो असते. म्हणून आसने कमी करणारा बदलही आपोआप निरुपद्रवी ठरत नाही, हे मान्य करावे लागेल.

आता हा विषय एका शहराचा राहिलेला नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि वापरलेली मोटारहोम एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकली जातात. फरीदाबादची गाडी पुण्यातल्या कुटुंबाने घेतली, की नमुना २८ वरचे ना हरकत प्रमाणपत्र आणि मग इथल्या आरटीओत नव्या क्रमांकासाठी अर्ज, असा प्रवास सुरू होतो. इथल्या निरीक्षकाने आत डोकावून पाहिले आणि आरसीवरचा आकडा जुळला नाही, तर मूळ चूक सुधारण्यासाठी खरेदीदाराला पुन्हा हरियाणाकडेच पाहावे लागते. ज्याने ती चूक केलेली नाही आणि जो त्या शहरात राहतही नाही, त्याने ती निस्तरायची. ही व्यवस्था मालकाला जाचक आहे. सैल दुरुस्ती मात्र पुढच्या खरेदीदारालाच फसवू शकते. दोन्ही अन्याय खरे आहेत.

या सगळ्याचा विचार करता आमचा कल असा आहे की दुरुस्तीचे तीन प्रकार वेगळे काढावेत आणि तिघांना एकाच रांगेत उभे करू नये. पहिला, कागदातून सिद्ध होणारी चूक. चाचणी संस्थेचे मान्यता प्रमाणपत्र आणि नमुना २२-अ मध्ये एक आकडा असेल आणि आरसीवर दुसरा, तर कागद पडताळून दुरुस्ती व्हावी. गाडी बोलावण्याची गरज नाही आणि शपथपत्राचीही नाही, कारण पुरावा त्याहून भक्कम आहे. दुसरा, आसने कमी करण्याची मागणी. इथे कलम ५२ अक्षरशः लावले तर मालकाची वाट बंद होते. पण आसने काढलेली गाडी जुन्या आकड्यावर फिरू देणे कुणाच्याच हिताचे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदलांच्या अटी ठरवण्याचा अधिकार केंद्राला दिलेला आहे. तो वापरून अशा गाडीसाठी निरीक्षकाची एक भेट आणि भरलेल्या टाकीसह वजनकाट्याची पावती, एवढ्यावर भागेल असा नियम करावा. तिसरा, आसने वाढवण्याची मागणी. इथे मात्र सवलत नको. पुण्याची एआरएआय असो वा मानेसरची आयकॅट, चाचणी संस्थेच्या मान्यतेशिवाय एकही आसन वाढू नये. ही अट काहींना खर्चिक वाटेल आणि प्रामाणिक मालकालाही तिचा त्रास होईल. तरीही पट्ट्याचा खिळा धक्का सोसेल की नाही, हे शपथपत्रावरून कळत नाही.

या मांडणीत एक उणीव राहते. कागदातून सिद्ध होणारी चूक म्हणून बनावट नमुना २२-अ पुढे केला जाऊ शकतो. त्यावर उपाय गाडी बोलावणे हा नाही. ज्या संस्थेने मान्यता दिली तिच्याकडून कार्यालयाने मान्यतेचा क्रमांक थेट पडताळून घ्यावा. खोट्या कागदांवर मिळवलेली नोंदणी रद्द करण्याचा अधिकार कलम ५५ ने आधीच दिलेला आहे. सर्वांवर संशय घेण्यापेक्षा तो अधिकार नेमक्या जागी वापरणे जास्त न्याय्य.

नियम बदलायला वेळ लागेल. तोवर मोटारहोम विकत घेणाऱ्यांना एकच विनंती आहे: पैसे देण्यापूर्वी आत जाऊन पट्टा असलेली आसने चालकाच्या जागेपासून मोजा, तो आकडा आरसी, विमा पॉलिसी आणि नमुना २२-अ या तिन्हींशी ताडून पाहा आणि फरक निघाला तर दुरुस्ती विक्रेत्याच्या नावावर गाडी असतानाच करून घ्या.