काटा बदलण्यापूर्वी दोष शोधावा

पेरणीचे दिवस असावेत, जमिनीस वापसा आलेला असावा आणि ट्रॅक्टर शेताच्या मध्यावर बंद पडावा. डिझेलचा काटा मात्र अर्धी टाकी दाखवीत असावा. असा प्रसंग अनेक शेतकऱ्यांवर येतो. टाकी रिकामी होऊन नळ्यांत हवा शिरली की नुसते डिझेल ओतून भागत नाही. हवा काढण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात वापसा मोडतो.

यानंतर बहुधा नवा काटा बसविला जातो. दोष तसाच राहिला तर टाकीतील सेन्सरही बदलला जातो. अंदाजाने भाग बदलण्याची ही रीत शेतकऱ्यास परवडणारी नाही.

काटा एकटा काम करीत नाही. बॅटरीचा प्रवाह चावी, फ्यूज व काटा यांतून तारेने टाकीवरील सेन्सरपर्यंत जातो आणि ट्रॅक्टरच्या सांगाड्यावाटे परत येतो. डिझेलवर तरंगणारा फ्लोट वरखाली झाला की सेन्सरमधील विद्युत्‌रोध बदलतो व काटा सरकतो. ही साखळी कोठेही बिघडली तरी काटा चुकीचे दाखवितो.

म्हणून तपासणी क्रमाने व्हावी. प्रथम फ्यूज पाहावा. नंतर सेन्सरची तार सोडवून चावी फिरवावी. काटा एका टोकास जाईल. तीच तार काही सेकंद सांगाड्याच्या स्वच्छ धातूस लावल्यास तो दुसऱ्या टोकास गेला पाहिजे. तसे झाल्यास काटा व तार निर्दोष समजावीत. मग सेन्सरच्या बैठकीपासून सांगाड्यापर्यंत एक जादा तार जोडून पाहावी. काटा सुधारला तर दोष गंजलेल्या अर्थिंगचा असून तो पॉलिश कागदाने घासून दूर होतो. तरीही फरक न पडल्यास सेन्सर काढून, त्याची दांडी हलवीत, मीटरने रोध मोजावा. रोध सलग न बदलता मध्येच तुटला, तरच सेन्सर बदलावा. रोध ठीक असल्यास दांडी अडकते काय, फ्लोटमध्ये डिझेल शिरले आहे काय, हे पाहावे.

तार टेकविताना ठिणगी पडते. म्हणून टाकीचे झाकण बंद ठेवून ही कृती टाकीपासून दूर करावी. इलेक्ट्रॉनिक पॅनेलच्या ट्रॅक्टरवर मात्र ती मुळीच करू नये. तेथे उत्पादकाची पुस्तिकाच प्रमाण मानावी.

कोणत्या तपासणीवरून भाग निकामी ठरला, हे मिस्त्रीस विचारण्याचा शेतकऱ्यास पूर्ण अधिकार आहे. दुरुस्ती होईपर्यंत स्वच्छ, कोरडी काठी टाकीत बुडवून रोज सकाळी डिझेल मोजावे.