गाण्यांची पंगत बदलू या!

आवडता अल्बम आपण पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकतो. पण गाण्यांचा तो क्रम आपणच लावायचा ठरवला तर?

उदाहरण घेऊ लिव्हरपूलच्या बीटल्सचं. १९६७ साली त्यांची 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' ही तबकडी निघाली. एका बाजूला ७ गाणी, दुसऱ्या बाजूला ६. एकेक बाजू साधारण २० मिनिटांची. गंमत म्हणजे 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' आणि 'पेनी लेन' ही गाणीही त्याच सुमारास ध्वनिमुद्रित झाली होती. पण ती आधीच, फेब्रुवारीत, वेगळ्या छोट्या तबकडीवर विकली गेली. ग्राहकाला एकाच गाण्याचे दोनदा पैसे पडू नयेत, असा तेव्हाचा तिकडचा रिवाज. म्हणून ती बाहेर राहिली. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना पुढे याची फार रुखरुख लागली.

चला, आपण त्यांना आत घेऊ! मात्र तबकडीवर जागा मोजकीच. जास्त मिनिटं कोंबली, तर खाचा दाटीवाटीने कोराव्या लागतात आणि आवाज दबतो. नवे पाहुणे ७ मिनिटांचे. म्हणजे पंगतीतून कुणाला तरी उठवायलाच हवं. शिवाय पहिली दोन गाणी मध्ये न थांबता जोडलेली आहेत, शेवटची तीनही तशीच. त्यांची ताटातूट करायची नाही.

मग कुणाला काढाल? हिशेबाला सोपं 'विदिन यू विदाउट यू'. एकटंच ५ मिनिटांचं! पण थांबा. दिलरुबा आणि तबला त्यातच वाजतो, आणि जॉर्ज हॅरिसनचं या तबकडीवर तेवढं एकच गाणं आहे. कंटाळवाणं वाटलेलं गाणं चार वेळा ऐका, मगच कात्री लावा. मी 'फिक्सिंग अ होल' आणि 'गेटिंग बेटर' काढून पाहिली. मिनिटं पुरती जमली नाहीत, शिवाय पहिली बाजू जरा उदास झाली! खुद्द बीटल्सनीही क्रम बदलला होता बरं का. 'मिस्टर काइट'चं गाणं आधी तिसरं होतं, ते अखेर सातवं झालं.

आता तुम्ही करा. अल्बम कुठलाही घ्या. प्रत्येक गाण्याची एक चिठ्ठी, त्यावर मिनिटं लिहा आणि चिठ्ठ्या मांडा. आई-बाबांनाही त्यांच्या आवडत्या अल्बमसह बसवा. मग एकमेकांना विचारा, "हे गाणं का काढलंस?" नुसतं "आवडलं नाही" हे उत्तर चालणार नाही हं! खरं कारण शोधायला ते गाणं पुन्हा ऐकावं लागेल, आणि कदाचित ते परत पंगतीत येऊन बसेल.